कडं वर सारणारा

आघाताचं चिन्ह म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा. फुली-गोळा खेळताना मुलं आखतात तशी जाळी. हात नुसता लागला तर चांदणी काढायची, पकडला तर अधिकचं चिन्ह, आणि आदळला तर ही जाळी. हातांच्या भाषेच्या लिपीत मी पहिल्यांदा सबंध पान लिहिलं, तेव्हा त्यावर जाळ्याच जाळ्या होत्या. ते पान माझ्या दादाला मारलं त्याचं होतं.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्यांना वाटतं की लिहिण्याचं काही निघालं की ते मलाच येणार. मला तेवढं येत नाही. पण हे मीच लिहिलं होतं, तेव्हा सांगायचंही मलाच.

दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो शेवेच्या कारखान्यात पाकिटं भरतो. बाबा सिटी बस चालवतात. त्यांचे आजोबा इथल्या संस्थानाच्या फौजेत होते म्हणून आम्ही इंदूरचे, आणि आमची मराठी अशी की "जल्दी कर ना, बस निघून जाईल" हे आम्हाला अख्खं मराठीच वाटतं. दादाशी मात्र मी लहानपणापासून हातांनी बोलते. आई चार-पाच खुणांवर भागवायची. जेव, झोप, ये, नको. लग्नाकार्यात तो माझ्याशी बोलायला लागला की ती त्याचे दोन्ही हात धरून मांडीवर दाबायची. "हात खाली ठेव रे. लोक बघतायत." ती रागावलेली नसायची. पण दाबायची जोरात.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर होता. सर म्हणाले, जिला लिपी नाही ती बोली. मी घाबरत विचारलं, "सर, साइन लँग्वेज?" सर हसले. "वो तो संकेत हैं बेटा. चौराहे पर ट्रैफिक वाला भी करता है." वर्ग हसला. मागून कुणी शिट्टी फुंकल्याची नक्कल केली.

घरी येऊन मी फोनवर शोधलं, तर लिपी होती. एक नाही, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या केलेल्या होत्या. मी शिकले तीत चेहऱ्याला वर्तुळ, मुठीला चौकोन, बोटांना त्यातून निघणाऱ्या रेघा. तळवा दिसत असेल तर हात पांढरा सोडायचा, हाताची पाठ दिसत असेल तर काळा भरायचा. हालचालीला बाण. ओळ वरून खाली उतरते. आणि लिहायचं बोलणाऱ्याच्या बाजूनं, जणू ते हात आपलेच आहेत. हेही कळलं की या लिपीत लिहिणारे जगात थोडेच, आणि बहिऱ्या लोकांमध्येसुद्धा तिच्याबद्दल एकमत नाही. आपल्याकडे तर हातांच्या भाषेलाच भाषा म्हणून कागदोपत्री जागा मिळवायला भांडावं लागतंय, लिपी फार लांब.

मी दादाला त्याचं नाव लिहून दाखवलं. त्यानं कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि खूण केली. मुंगळे.

पण माझं मन राखायला तो ती वाचायला शिकला. त्याच्या दोन-तीन बहिऱ्या मित्रांनाही मी शिकवलं. ते वाचायचे आणि हसायचे. त्यांतला जवळच्या महू गावचा एक, फोटो काढायची फार हौस असलेला, मला म्हणाला, "हे हात मेलेत. व्हिडिओ कॉल आहे ना आपल्याकडे, मग मेलेले हात कशाला?" तेव्हा मला तो बरोबरच वाटला.

हे सगळे मित्र रविवारी संध्याकाळी विजय नगरला एका मोठ्या इमारतीमागच्या पार्किंगपाशी भेटत. तिथे दिवे मोठे आहेत. हातांनी बोलायला उजेड लागतो, एवढंच कारण होतं. ऐकणाऱ्यांना मात्र वाटायचं की ही पोरं इथे टवाळक्या करायला जमतात. त्या पार्किंगवर एक माणूस बसायचा. त्याच्या उजव्या हातात जाड लोखंडी कडं असायचं. कुणावर हात टाकण्याआधी तो डाव्या हातानं ते कोपराकडे वर सारायचा. गाडी तिरपी लावली म्हणून त्यानं यांच्यातल्या एकाला आधीच थोबाडलं होतं, तेव्हा सगळ्यांनी ते बघितलं होतं.

त्यामुळे त्याला नाव मिळालं. या लोकांत नाव दुसऱ्यानं द्यायचं असतं, स्वतःचं स्वतः ठेवून घेता येत नाही. दादाचं नाव तर्जनी गालाला लावून, जिथे त्याला खळी पडते तिथे. माझं नाव कानामागे खोचलेलं पेन. आणि त्या माणसाचं नाव उजवं मनगट धरून वर सारणं. ऐकणाऱ्या लोकांत त्याला काय म्हणतात, हे यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. यांना त्याची गरजही नव्हती. नाव होतं ना.

त्या रविवारी दादा त्याच्याकडे पाठ करून बोलत उभा होता. मागून कुणाची गाडी निघत होती. तो माणूस ओरडला असणार, हॉर्न वाजला असणार. मग त्यानं मागून दादाची मान पकडली. दादा वळला आणि त्यानं हात वर करून विचारलं, काय झालं? त्या माणसाला वाटलं, हा हात उगारतोय. त्यानं कडं वर सारलं.

पहिला ठोसा डाव्या गालाच्या हाडावर. दुसरा तिथेच. दादा वाकला तेव्हा त्यानं गाड्या अडवायचा लोखंडी पाइप उचलून पाठीत घातला, मग खांद्यावर. मित्र धावले, तर त्या माणसाच्या दोन साथीदारांनी त्यांचे हात मागे पिरगळून धरले, म्हणजे त्यांना एकमेकांना काही सांगताही येईना. दादा जमिनीवर पडल्यावर त्यानं आडवा हात पुढे केला, थांब म्हणून. त्या माणसानं त्या हातावर बूट ठेवला आणि टाच फिरवली, विडी विझवतात तशी.

मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा दादाचा उजवा हात फुगून पावासारखा झाला होता. दोन बोटं भलतीकडे वळली होती. डोळा मिटलेला, गालावर टाके घालणं चालू. मला बघून त्यानं डावा हात उचलला आणि मनगट दाखवायचा प्रयत्न केला. पण मनगट धरायला दुसरा हात लागतो. तो नुसताच डावी मूठ हवेत वर ढकलत राहिला. मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

जबाबाच्या वेळी पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर दुभाषी लावली. दुसऱ्या शहरातल्या बाई होत्या, स्वभावानं चांगल्या. पण दादाचा एक हात प्लास्टरमध्ये. बाई दोन-तीनदा म्हणाल्या, "एक हाथ से बोल रहे हैं, मुझे पूरा नहीं आ रहा." मी म्हटलं, मी सांगते. ठाण्यात लिहिण्याचं काम करणारे हवालदार, ज्यांना तिथे सगळे दीवानजी म्हणतात, ते म्हणाले, "आप घर की हो बेटा, आपका नहीं चलेगा." माणसाचं नाव विचारलं, तेव्हा दादानं डावी मूठ वर ढकलली. बाई थांबल्या. "नाम नहीं बता पा रहे." दीवानजींनी लिहिलं, अज्ञात. मित्रांना तर कुणी काही विचारलंच नाही.

त्या कागदावर शेवटी असं होतं: पार्किंग को लेकर विवाद हुआ, अज्ञात व्यक्ति द्वारा धक्का-मुक्की की गई, जिससे प्रार्थी गिर गया एवं चोट आई. खाली दादाच्या डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.

घरी आल्यावर त्यानं विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. मग डाव्या हाताची दोन बोटं त्यानं प्लास्टरवर उभी केली, माणूस उभा असतो तशी, आणि ती आपोआप आडवी पडू दिली. पुन्हा उभी केली, पुन्हा पाडली. मी पडलो? आपोआप पडलो? तो ते करतच राहिला आणि दर वेळी बोटं जास्त जोरात प्लास्टरवर आपटायला लागला. शेवटी मी त्याचा हात धरला आणि लगेच सोडला, कारण आई धरायची ते आठवलं.

त्याच्या भाषेत नुसतं "मारलं" असं म्हणताच येत नाही. हात उचलला की कशानं, कुठून, कुठे, किती जोरात, हे सांगूनच तो खाली येतो. धक्कामुक्की हा शब्द त्याला कसा सांगावा, मला सुचेना. त्या शब्दाला कुणाचे हातच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला कागद आणून दिला आणि खूण केली. मुंगळे काढ.

त्यानंतर कित्येक दिवस आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून ते पान लिहीत होतो. दादाचा एकच हात चालत होता, म्हणून त्यानं दुसरा माझा घेतला. माझा उजवा हात त्या माणसाचा झाला. तो माझी मूठ वळवायचा, कुठल्या उंचीवरून आली ते दाखवायचा आणि स्वतःच्या टाक्यांच्या अगदी जवळ आणून थांबवायचा. मग मी हात सोडवून घ्यायची आणि लिहायची. पहिल्या ठोशाला मी चांदणी काढली, का कोण जाणे. त्यानं मान हलवली. माझी मूठ धरून प्लास्टरवर आदळली. माझी बोटं कळवळली. हे, तो म्हणाला. मी जाळी काढली.

आई पोळ्या करता करता बघत होती. तिला तोवर, दीवानजींच्या कागदाप्रमाणे, तो भांडणात पडला एवढंच माहीत होतं. टाच फिरवलेली आम्ही लिहीत होतो तेव्हा दादानं माझा हात फरशीवर उपडा ठेवला आणि त्यावर आपल्या पायाची टाच ठेवली. अगदी हळू. आईनं गॅस बंद केला.

"असं केलं त्यानं?" तिनं मला विचारलं. मग मला सोडून दादाकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा, तिला येत नसलेल्या खुणांनी, त्यालाच विचारायचा प्रयत्न केला. हात, पाय, आणि भुवया वर. दादानं मान हलवली. हो.

बाबांना प्रकरण मिटवायचं होतं. पार्किंगच्या ठेकेदाराचा माणूस त्यांना बस डेपोवर गाठून गेला होता. "भिया, लड़कों-लड़कों की बात है. आपको रोज उसी रोड से गाड़ी निकालनी है, काहे को बढ़ाना." बाबांनी हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज खाली होता. पान बघून ते म्हणाले, "हे काय आहे मला कळत नाही. पण या सगळ्या जाळ्या म्हणजे..." मी म्हटलं, "एकेक फटका." त्यांनी मोजायला बोट ठेवलं आणि मध्येच उचललं. "घेऊन जा ठाण्यात," ते म्हणाले. "मी येतो."

ठाण्यात दीवानजींनी पान लांब धरून बघितलं. "बिटिया, ये कीड़े-मकोड़े फाइल में लगाऊँ?"

"लिखा है, सर. इनका बयान है. इसमें उस आदमी का नाम भी है."

"ठेकेदार बोलता है उस दिन कोई दिहाड़ी वाला था, गाँव चला गया. और ये नाम है? ये तो इशारे का फोटू है."

पलीकडच्या टेबलावर सब-इन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्यांनी पान मागितलं. "आपके अलावा इसे कोई पढ़ सकता है?" त्यांनी विचारलं. "जो आप लिखो वो आप ही पढ़ो, तो वो आपकी डायरी हुई. लिखा हुआ तो वो है जो दूसरा पढ़ ले."

मला वाटतं, आमच्या सरांपेक्षा हे जास्त बरोबर होतं. मी महूच्या मित्राला बोलावलं. त्या रविवारी तो महूलाच होता, मारहाण त्यानं पाहिली नव्हती. तो आला तशी दीवानजी म्हणाले, "रट के आया होगा. सब मिले हुए हैं, मैडम."

मॅडमनी त्याला बाहेर थांबवलं. मग त्या उठल्या, टोपी काढली, काठी उचलून टेबलावर दोनदा आपटली आणि काठी काखेत धरून टोपी पुन्हा घातली. "लिखो ये." मी लिहिलं. मित्र आत आला, कागद बघितला. त्याच्याकडे टोपी नव्हती, काठी नव्हती. त्यानं रिकाम्या हातांनी टोपी काढली, काठी टेबलावर दोनदा आपटली, काखेत धरली, टोपी घातली. बाकावर बसलेला कुणी तक्रारदार हसला. दीवानजी हसले नाहीत.

"अब वो वाला," मॅडम म्हणाल्या.

मी पान त्याच्यापुढे ठेवलं. तो आधी डोळ्यांनीच वरून खाली गेला आणि मध्ये एकदा त्यानं दादाकडे बघितलं. मग वाचायला लागला. हातांची भाषा मोठ्यानं वाचायची म्हणजे करायचीच असते, दुसरा उपायच नाही. त्यानं पाठ फिरवली. त्यानं मान पकडली. काय झालं म्हणून हात वर केला. कडं वर सारलं. मूठ त्याच्या स्वतःच्या गालाकडे इतक्या जोरात गेली की मॅडम अर्ध्या उठल्या. पुन्हा मूठ. पाइप उचलला, त्याचं वजन खांद्यात दिसलं. पाठीत. खांद्यावर. मित्राच्या घशातून आवाज यायला लागला, प्रत्येक जाळीला एक. तो आवाज त्याला स्वतःला ऐकू येत नव्हता. ठाण्यात बाकी कसलाच आवाज नव्हता. त्यानं डावा हात टेबलावर उपडा ठेवला, उजव्या हाताची टाच केली आणि त्यावर फिरवली.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. दादानं डोळे मिटून घेतले होते. आपल्याला ऐकायचं नसेल तर आपण कान झाकतो, त्याला डोळेच मिटावे लागतात.

वाचून झाल्यावर मित्रानं घाम पुसला आणि नावाच्या खुणेवर बोट ठेवलं. हा? त्यानं मला विचारलं. मग फोन काढला. आधीच्या रविवारांचे फोटो, सगळे दात काढून उभे, आणि एका फोटोत मागे खुर्चीवर तो माणूस, हातात कडं. मित्रानं तो मोठा करून मॅडमपुढे धरला.

दीवानजी वाकले. "अरे," ते म्हणाले, "ये तो ठेकेदार का भतीजा है."

मॅडम त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "तो अज्ञात कैसे हुआ?"

त्या दिवशी अज्ञात खोडून तिथे नाव आलं. ऐकणाऱ्यांतलं नाव. आमचं पान फाइलला जोडताना दीवानजींनी यादीत लिहिलं, चित्र, एक पन्ना. मी म्हटलं, चित्र नाही, बयान लिहा. मॅडमनी मान हलवली. "मैं समझ गई, बेटा. पर कोर्ट में इसे लिपि कौन मानेगा, मुझे नहीं पता. अभी चित्र ही लिखने दो, कम से कम अंदर तो जाएगा."

दादानं विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. मग दीवानजींनी शाईचा डबा पुढे सरकवला, तो त्यानं परत ढकलला आणि माझ्या कानामागचं पेन काढून घेतलं. डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, त्यानं पानाच्या खाली एक वेडंवाकडं वर्तुळ काढलं, त्यावर एक बोट आणि शेजारी चांदणी. त्याचं नाव. यापूर्वी त्यानं त्या लिपीत कधी एक रेघ काढली नव्हती. "ये क्या है?" दीवानजींनी विचारलं. मी म्हटलं, "सही."

प्लास्टर निघालं, पण दादाची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. त्यामुळे त्याच्या काही खुणा बोबड्या झाल्यात. नवीन माणसाला त्या दोनदा सांगाव्या लागतात, आणि तो चिडतो. कारखान्यात पाकिटं भरण्याचा त्याचा वेगही गेला. खटला चालू आहे. पानाचं काय होईल, वकील काही सांगत नाहीत.

तो माणूस जामिनावर सुटून आला. मित्र आता दुसऱ्या दिव्यांखाली भेटतात, पण तिकडे जायचा रस्ता पार्किंगवरूनच आहे. गेल्या रविवारी आम्ही दोघं तिथून चाललो होतो. तो खुर्चीतून उठला आणि आमच्या रस्त्यात येऊन उभा राहिला. माझे पाय तिथेच थांबले. त्याचा डावा हात सवयीनं उजव्या मनगटाकडे गेला आणि तिथे त्याला काहीच सापडलं नाही. वकिलानं काढायला सांगितलं असेल, किंवा ते पोलिसांत जमा झालं असेल. कडं नव्हतं.

दादानं आपलं उजवं मनगट धरलं आणि त्याच्या तोंडासमोर हळूच वर सारलं. खटल्यामुळे त्या माणसाला आता माहीत आहे की हे त्याचंच नाव आहे. तो बाजूला झाला नाही. आम्हीच त्याला वळसा घालून गेलो, आणि पुढच्या चौकापर्यंत मी मागे वळून वळून बघत होते, कारण आम्हा दोघांत मागून येणारं ऐकू येतं ते फक्त मला.

चौकात पोचल्यावर मी दादाला विचारलं, "आता त्याच्या हातात कडं नाही. नाव बदलायचं का?"

दादानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीच शिकले नाही. मग त्या वाकड्या बोटांनी म्हणाला, नाव पडलं की पडलं.